धमनीप्रतिचय आणि जंतुसंसर्ग

चरकाचार्यांनी कफज विकारांत धमनीप्रतिचय गणला, कृमिज हृद्रोगही वर्णिला. त्यात आधुनिक जंतुवाद शोधणे मात्र घाईचे ठरेल. १९८८ साली फिनलंडमध्ये हृद्रोग्यांच्या रक्तात क्लॅमिडिया न्यूमोनियाविरोधी प्रतिपिंडे अधिक आढळली. तथापि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत प्रतिजैविकांनी लाभ झाला नाही. तेव्हा हृदयासाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन मागणाऱ्यास औषधविक्रेत्यांनी नकारच द्यावा.

तीव्र संसर्गाचे वेगळे आहे. कॅनडातील २०१८ च्या अभ्यासात इन्फ्लुएंझाचे निदान झाल्यावर पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा संभव सुमारे सहापट दिसला; दाहामुळे धमनीतील जुना थर फुटून गुठळी होऊ शकते. पानवेलींच्या केळवे-माहीम पट्ट्यातील वैद्यांनी तंबाखूचा विडा खाणाऱ्याच्या हिरड्या अवश्य पाहाव्यात. ज्वरानंतर छातीत दुखल्यास अम्लपित्त न समजता तत्काळ ईसीजी काढवावा.