दिवाळीला किती फोन भरायचे?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं त्यांच्यासाठी या भागाची ही लिखित प्रत. बोलताना जिथं अडखळलो ते काढून टाकलंय, आकडे जरा नीट मांडलेत, बाकी होतं तसंच ठेवलंय.

देवळीच्या एका श्रोत्याचा मेसेज आला होता. नवीनच मोबाइलचं दुकान टाकलंय त्यांनी. लिहितात, "दादा, दिवाळीला एक नवा फोन येतोय. डीलर म्हणतो पन्नास नग उचला, हातोहात जातील. नवा फोन किती विकला जाईल हे आधी कळतं का हो?"

हा प्रश्न वाचून मी थोडा वेळ गप्पच बसलो. कारण हाच प्रश्न मला २०१३ च्या दिवाळीआधी हिंगणघाटला काकांनी विचारला होता, आणि मी छातीठोक उत्तर दिलं होतं.

काकांचं दुकान छोटं. मी तेव्हा कॉलेजात संख्याशास्त्र शिकत होतो. एका नव्या प्लॅटफॉर्मचा फोन आला होता. कोणता ते सांगत नाही, कारण चूक फोनची नव्हती, माझी होती. काका म्हणाले, "तू शिकून राहिला ना बाबू, मंग सांग कितीक घेऊ?" मी वही काढली. मागच्या दिवाळीच्या हंगामात दुकानातून सुमारे दोनशे फोन गेले होते. नव्या प्लॅटफॉर्मला बाजाराचा पाचवा हिस्सा मिळेल असं मी कुठंतरी वाचलं होतं. दोनशेचे वीस टक्के म्हणजे चाळीस. झालं! साडेसात हजाराचा एक नग, म्हणजे तीन लाखांचा माल, आणि त्यात काकूच्या भिशीचे पैसेसुद्धा गेले.

विकले गेले अकरा. उरलेले एकोणतीस होळीपर्यंत कपाटात होते. शेवटी नगामागे तीन हजारांचा तोटा खाऊन काढले. सत्त्याऐंशी हजार रुपये. चुलतभावाचं पुण्याला शिकायला जाणं त्या वर्षी राहिलं, आणि त्याबद्दल मला घरात कोणी एक शब्द बोललं नाही, हे जास्त लागलं. काका एवढंच म्हणाले, "तुया कागदावर चाळीस आहे, पन माया कपाटात एकोणतीस आहे."

माझं कुठं चुकलं ते कळायला मला बरीच वर्षं लागली. गंमत म्हणजे (आता गंमत म्हणतो) तीच चूक जगातल्या मोठमोठ्या मंडळींनीही केली होती.

फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियानं जाहीर केलं की आता आम्ही सिम्बियन सोडून मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनवर जाणार. त्याच्या पुढच्याच महिन्यात आयडीसी या बाजार-संशोधन कंपनीनं २०१५ चा अंदाज मांडला : अँड्रॉइड ४५.४ टक्के, विंडोज फोन २०.९ टक्के, आयफोनचं आयओएस १५.३ टक्के. म्हणजे विंडोज आयफोनच्याही पुढे, दुसऱ्या नंबरवर. गार्टनरचा अंदाजही साधारण तसाच होता. प्रत्यक्षात २०१५ उजाडलं तेव्हा अँड्रॉइड ऐंशी टक्क्यांच्या वर आणि विंडोज तीन टक्क्यांच्याही खाली. मायक्रोसॉफ्टनं त्याच वर्षी जुलैत नोकियाच्या फोन-धंद्यापायी सुमारे ७.६ अब्ज डॉलर बुडीत खाती टाकले.

ती माणसं मूर्ख नव्हती. त्यांचा हिशेब सरळ होता: नोकियाचं गिऱ्हाईक मोठं आहे, नोकिया विंडोजकडे चाललीय, म्हणजे गिऱ्हाईकही तिच्यामागे जाणार. पण गिऱ्हाईक काही बैलजोडी नाही, कासरा ओढला की मागे यायला. लोकांनी पाहिलं की शेजाऱ्याच्या फोनमध्ये जे चालतं ते यात चालतं का. चालत नव्हतं, किंवा उशिरा येत होतं, म्हणून लोक अँड्रॉइडकडे गेले. मीही तेच केलं होतं. कालची विक्री घेतली, तिला एक टक्केवारी लावली आणि त्याला अंदाज म्हटलं.

मग शास्त्र काय सांगतं? फ्रँक बास नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९६९ मध्ये एक सूत्र मांडलं. नवीन वस्तूच्या विक्रीचा अंदाज बांधायला ते आजही वापरतात. त्याचं म्हणणं, घेणारे दोन तऱ्हेचे असतात. एक, कोणाला न विचारता घेणारे, म्हणजे गावात पहिला ट्रॅक्टर आणणारा माणूस. दुसरे, त्याचा ट्रॅक्टर एक हंगाम चाललेला बघून मग घेणारे. अनेक वस्तूंच्या अभ्यासातून सरासरी निघाली ती अशी : पहिल्या जातीचा आकडा ०.०३ आणि दुसऱ्या जातीचा ०.३८.

गावाचं उदाहरण घेऊ. हजार घरं आहेत जी ही वस्तू कधी ना कधी घेतील. पहिल्या वर्षी तीस घेतील. दुसऱ्या वर्षी त्या तिसांचं बघून थोडे वाढतील, साधारण चाळीस. तिसऱ्या वर्षी त्रेपन्न, चौथ्या वर्षी सदुसष्ट. असं चढत चढत आठव्या वर्षाला एकशे दहाच्या आसपास शिखर येतं, आणि मग उतार, कारण घेणारेच संपत येतात.

आता यात दुकानदारानं काय बघायचं? पहिल्या वर्षाचे तीस हे मुळात थोडेच असतात. लाँचच्या दिवसाची गर्दी बघून पुढचं काही सांगता येत नाही. सगळा खेळ त्या दुसऱ्या आकड्यावर आहे, बघून घेणाऱ्यांवर.

बासचं सूत्र रंगीत टीव्हीसारख्या वस्तूंना छान लागू पडलं. पण टीव्ही कोणत्याही कंपनीचा घ्या, दूरदर्शन तेच दिसतं. फोनचं तसं नाही. माझा फोन माझ्या किती कामाचा, हे तुमच्याकडे कोणता आहे यावर ठरतं. सगळ्या नातेवाइकांचा ग्रुप व्हॉट्सॲपवर असेल आणि माझ्या फोनमध्ये व्हॉट्सॲपच नसेल, तर त्याचा कॅमेरा कितीही भारी असो, लग्नाची पत्रिका मला मिळणार नाही. प्लॅटफॉर्मची स्पर्धा म्हणतात ती हीच. हुवावेचं बघा. मे २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे नव्या फोनवर गूगलच्या सेवा देता येईनात. फोन उत्तमच बनत होते, तरी चीनबाहेरची विक्री कोसळली.

आपल्याकडचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे जिओफोन. थोडं मागून सांगतो. ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सनं फायरफॉक्स ओएसवरचा क्लाउड एफएक्स आणला, किंमत फक्त १,९९९ रुपये. एवढा स्वस्त स्मार्टफोन म्हणून गाजावाजा झाला, पण त्यावर नेहमीची ॲप नव्हती. डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलानं फोनसाठीची ती सिस्टीम बंद करत असल्याचं सांगितलं. तिच्याच कोडमधून पुढे कायओएस झालं, आणि २१ जुलै २०१७ ला जाहीर झालेला जिओफोन त्याच कायओएसवर होता. बियाणं एकच, पण एक पीक जळालं आणि एक उभं राहिलं. का?

कारण जिओनं फोन विकलाच नाही, जोडणी विकली. दीड हजार रुपये अनामत, तीन वर्षांनी परत. त्याबरोबर बोलणं फुकट आणि स्वस्त नेट. २४ ऑगस्टला बुकिंग उघडलं आणि काही दिवसांतच थांबवावं लागलं, तोवर साठेक लाख नोंदी झाल्या होत्या. सुरुवातीला त्यातही व्हॉट्सॲप नव्हतं. ते २०१८ च्या सप्टेंबरात आलं, आणि काका सांगतात की 'त्याच्याजवळ आहे तोच द्या' म्हणत येणारं गिऱ्हाईक त्यानंतर वाढलं. २०२० पर्यंत कंपनी दहा कोटींच्या वर जिओफोन गेल्याचं सांगत होती.

आणि वर्ध्यात त्या वर्षी काय चालू होतं? २०१७ चा खरीप. गुलाबी बोंडअळीनं विदर्भाची कपाशी खाल्लेली. सात-आठ हजारांचा फोन घ्यायची कोणाची टाप नव्हती, पण परत मिळणारे दीड हजार निघत होते. मुंबई-दिल्लीत बसून अंदाज बांधणाऱ्याच्या तक्त्यात बोंडअळीचा रकाना नसतो.

आता याच्या उलटी गोष्ट. जिओफोन नेक्स्ट. गूगलबरोबर बनवलेला, अँड्रॉइडचा, व्हॉट्सॲप पहिल्या दिवसापासून. गणेश चतुर्थीला येणार होता, लांबला आणि ४ नोव्हेंबर २०२१ ला, ऐन दिवाळीत आला. ६,४९९ रुपये, किंवा १,९९९ भरून बाकी हप्त्यानं. प्लॅटफॉर्म बरोबर, कंपनी मोठी, सण मोठा. तरी बाजार हलला नाही.

माझ्या मते त्याचा खरा प्रतिस्पर्धी दुसरी कंपनी नव्हतीच. मोठ्या भावाचा जुना फोन हा त्याचा प्रतिस्पर्धी होता. साडेसहा हजारांत घरातला किंवा दुकानातला वापरलेला चांगला अँड्रॉइड मिळत असेल तर नवा हलका कशाला? आणि त्या हंगामात कापसाचा भाव हमीभावाच्या, म्हणजे लांब धाग्याच्या ६,०२५ रुपयांच्या, बराच वर होता. ज्यांनी कापूस विकला त्यांनी चार हजार वाढवून वरचा फोन घेतला, आणि बाकीच्यांनी भाव अजून चढेल म्हणून कापूस घरात ठेवला. म्हणजे दिवाळीत हातात पैसाच नाही! जुलै २०२३ मध्ये जिओनं काय आणलं? ९९९ रुपयांचा जिओ भारत. परत बटणांचा फोन, यूपीआयसकट.

एक गोष्ट राहिली, बुकिंगच्या आकड्यांची. डीलर तुम्हाला ते दाखवेलच. फेब्रुवारी २०१६ मधला फ्रीडम २५१ आठवतो? २५१ रुपयांत स्मार्टफोन. सात कोटींच्या वर नोंदणी झाल्याचं कंपनी सांगत होती. लोकांच्या हातात फोन पडले ते नावापुरते. नाव नोंदवायला काही लागत नाही. ज्यात खिशातून रुपया गेला नाही तो आकडा विक्रीच्या हिशेबात धरूच नका.

काकांनी २०१३ नंतर स्वतःची पद्धत बसवली. नवा फोन कितीही गाजत असो, पहिली खेप दहाची. विकला की वहीत गिऱ्हाइकाचं गाव लिहायचं. मग वाट बघायची. त्याच गावचा दुसरा माणूस येऊन त्याच फोनचं नाव घेऊन विचारतो का? कांढळीत एक गेला आणि पंधरा दिवसांत कांढळीचेच तिघं आले, तर पुढची खेप तीसची. कोणीच आलं नाही, तर दहावर थांबायचं. बासचा तो ०.३८ काका वहीतल्या गावांच्या नावांवरून काढतात. बास कोण हे त्यांना मी एकदा सांगितलं. "आपल्या मार्केटात आला होता का कधी?" एवढंच त्यांनी विचारलं.

तर देवळीच्या मित्रा, पन्नास नको, दहा घ्या. उरलेला माल डीलर परत घेणार का, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या भावात, हे त्याच्याकडून लिहून घ्या. पेटी उघडल्याबरोबर स्वतः व्हॉट्सॲप, यूपीआय आणि आपल्या बँकेचं ॲप टाकून बघा, आणि मराठीत टाइप करून बघा. आणि आर्वी-देवळीकडे यंदा बोंडं कशी लागलीत तेही कळवा, दिवाळीचा भाग करायच्या आधी मला ते हवंच आहे.