मन गुंतले सहकाऱ्यात, कामाचे काय?

जबलपूर शहर मागे टाकून नागपूरच्या रस्त्याला लागले की नर्मदा आडवी येते. तिथला घाट म्हणजे तिलवारा. मार्च १९३९ मध्ये त्रिपुरी काँग्रेसचे अधिवेशन भरले ते याच परिसरात. मकरसंक्रांतीला इथे मोठी जत्रा भरते. एरवी सुटीच्या दिवशी शहरातले नोकरदार इथे हवा खायला येतात, आणि जबलपूर हे तर नोकरदारांचेच गाव. गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाचा दारूगोळा कारखाना, वाहन कारखाना, वीज कंपन्यांची कार्यालये, उच्च न्यायालय, मेडिकल कॉलेज, पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय. खडकी, अंबरनाथ, भंडारा अशा ठिकाणीही आयुध कारखाने असल्यामुळे बदलीच्या निमित्ताने या गावाशी नाते जुळलेली मराठी कुटुंबेही पुष्कळ.

अशा गावातल्या कोणत्याही ऑफिसच्या सहलीचा ग्रुप फोटो पाहा. घाटाच्या पायऱ्यांवर सगळे दाटीवाटीने उभे असतात, हसत असतात. पण त्यात एखादी व्यक्ती अशी असते, जिला आपण त्या दिवशी कुणाच्या शेजारी उभे होतो हे वर्षानुवर्षे लक्षात राहते. शेजारी उभे असलेल्याला मात्र ते आठवतही नसते!

एकतर्फी प्रेमाचे हे शांत रूप. त्याची बातमी होत नाही, बोभाटा होत नाही. पण त्याचा परिणाम रोजच्या कामावर होत असतो, आणि तो भोगावा लागतो इतरांना.

प्रेम की सहवास?

कॉलेजात जडलेले एकतर्फी प्रेम कॉलेज संपले की बहुधा विरते. ऑफिसात तसे होत नाही. ज्या व्यक्तीपासून दूर जायला हवे, तिच्याचबरोबर रोज आठ तास बसावे लागते. एकच फाईल दोघांच्या हातांतून जाते. एकाच डब्यातली भाजी वाटून खाल्ली जाते. घरी कुणी विचारत नाही, पण इथे विचारले जाते, "आज चेहरा का उतरलाय?" एवढ्या एका वाक्यावर माणूस आठवडाभर जगतो.

रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये प्रयोगांतून दाखवून दिले, की एखादी गोष्ट वारंवार नजरेसमोर आली तर तेवढ्यानेही ती अधिक आवडू लागते. म्हणजे रोज भेटणाऱ्या सहकाऱ्याबद्दल ओढ वाटणे हे काही पाप नव्हे. ते माणसाच्या मनाच्या घडणीतच आहे.

प्रश्न पुढचा आहे. डोरोथी टेनोव्ह या अमेरिकन अभ्यासिकेने १९७९ मध्ये एका पुस्तकात या अवस्थेला 'लिमरन्स' असे नाव दिले. मनात तीच व्यक्ती घोळत राहणे, तिच्या साध्या बोलण्यातून अर्थ काढणे, तिच्या एका हसण्याने दिवस उजळणे आणि एका तुटक उत्तराने काळवंडणे, ही तिची लक्षणे. टेनोव्ह यांचा महत्त्वाचा निष्कर्ष असा, की ही अवस्था जगते ती आशा आणि अनिश्चितता यांच्यावर. स्पष्ट होकार मिळाला तर ती हळूहळू निवते, स्पष्ट नकार मिळाला तरी कालांतराने निवते. पण 'कदाचित' असेपर्यंत ती निवत नाही. ऑफिसातले सौजन्य नेमके हे 'कदाचित' रोज पुरवत असते.

काम कुठे बिघडते?

एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या कारखान्यात तयार मालाची तपासणी करणारा पस्तिशीचा एक तपासनीस आहे. त्याच विभागातल्या सहकारी बाईंवर त्याचा जीव जडला आहे. त्यांना याची कल्पनाही नाही. एके दिवशी मुलीला ताप आला म्हणून बाई लवकर निघतात आणि सांगतात, "भाऊसाहेब, माझा लॉट जवळजवळ झालाच आहे, तेवढा बघाल ना?" तो न बघताच रजिस्टरवर सही करतो. बाईंनी तपासले म्हणजे बरोबरच असणार!

पुढे कधीतरी तो मन उघड करतो. बाई हात जोडून नाही म्हणतात. त्यानंतर महिनाभरात त्यांचे तीन लॉट क्षुल्लक शेरे मारून परत येतात.

वरवर पाहता या दोन उलट गोष्टी वाटतात. आधी सवलत, नंतर कडकपणा. पण रोग एकच. दोन्ही वेळा त्याने माल तपासलाच नाही, तपासले ते स्वतःचे मन. तो माल दारूगोळ्याचा असो, औषधाचा असो की रेल्वेच्या ब्रेकचा, सहीवर विश्वास ठेवणाऱ्या तिसऱ्याच माणसाला याची किंमत मोजावी लागू शकते. रुग्णालयातली रात्रपाळी, सिग्नलची केबिन, बँकेची तिजोरी, परीक्षेच्या उत्तरपत्रिका, सगळीकडे हेच लागू आहे.

कच आणि देवयानी

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. महाभारतातली कच-देवयानीची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. खाडिलकरांनी १९१३ मध्ये 'विद्याहरण' नाटकातून ती रंगभूमीवर आणली, खांडेकरांच्या 'ययाती'तही देवयानी भेटते. बहुतेकांना ती प्रेमभंगाची कथा म्हणून आठवते. एकदा कर्तव्याच्या बाजूने वाचून पाहा.

संजीवनी विद्या हे दैत्यपक्षाचे सर्वांत मोठे गुपित. ते मिळवायला देवांनी कचाला शुक्राचार्यांकडे शिष्य म्हणून पाठवले. गुरुकन्येला प्रसन्न करून घे, असे त्याला आधीच सांगितलेले होते. तो तिच्यासाठी फुले आणी, गात असे. दैत्यांनी त्याला पुन्हा पुन्हा मारले आणि प्रत्येक वेळी देवयानीने वडिलांकडे हट्ट धरून त्याला जिवंत करविले. शेवटी त्याची राख मद्यातून खुद्द गुरूंच्याच पोटात गेली, तेव्हा त्याला बाहेर काढण्यासाठी शुक्राचार्यांना ती विद्या त्याला शिकवावी लागली. मुलीच्या मायेपोटी ज्याने गुपित राखायचे त्यानेच ते देऊन टाकले.

आणि कचाने लग्नाला नकार दिल्यावर काय झाले? देवयानीने शाप दिला, की तुझी विद्या तुला फळणार नाही. त्यानेही उलट शाप दिला, की कुणी ऋषिपुत्र तुझे पाणिग्रहण करणार नाही. दोघांचेही नुकसान झाले. या कथेत दोष एकट्या देवयानीचा नाही. समोरच्याचे मन आपल्यात गुंतले आहे हे ठाऊक असताना त्या गुंतण्याचा कामासाठी उपयोग करून घेणारा कचही तितकाच जबाबदार आहे. आजच्या ऑफिसात असे कच कमी नाहीत. "तो माझ्यासाठी काहीही करतो," असे हसत सांगून आपले काम दुसऱ्याच्या गळ्यात घालणारे स्त्री-पुरुष आपण सर्वांनी पाहिले आहेत.

शिकलेली माणसेसुद्धा

शिक्षण आणि शिस्त असली म्हणजे माणूस यातून सुटतो, असे मात्र नाही. लिसा नोवाक या अमेरिकन नौदलातल्या अधिकारी आणि अंतराळवीर. जुलै २००६ मध्ये त्या डिस्कव्हरी यानातून अंतराळात जाऊन आल्या. एका सहकारी अंतराळवीराशी त्यांचे संबंध होते. त्याने ते संपवले आणि तो दुसऱ्या एका स्त्रीकडे वळला. नोवाक यांना ते सोसले नाही. फेब्रुवारी २००७ मध्ये ह्यूस्टनहून सुमारे दीड हजार किलोमीटर मोटार हाकत त्या ऑरलँडोच्या विमानतळावर पोचल्या आणि त्या स्त्रीवर त्यांनी मिरपुडीचा फवारा मारला. त्यांना अटक झाली, पुढच्याच महिन्यात नासाने त्यांना काढून टाकले. हजारो उमेदवारांतून निवडलेली, मनाच्या कणखरपणाच्या कसोट्यांवर उतरलेली ही व्यक्ती!

त्याआधी १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात याहून भयंकर घडले होते. एका कंपनीतला कर्मचारी सहकारी तरुणीचा चार वर्षे पिच्छा पुरवत होता. कंपनीने त्याला कामावरून काढले होते, तरी तो थांबला नाही. अखेर बंदूक घेऊन तो कचेरीत घुसला आणि सात निरपराध माणसे मारली गेली. दोन वर्षांनी, १९९० मध्ये, पाठलागाला गुन्हा ठरवणारा कायदा कॅलिफोर्नियाने केला.

आपल्याकडे तर 'एकतर्फी प्रेमातून' हे शब्द वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ठरूनच गेले आहेत. म्हणून एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगायला हवी. नकारानंतरही पिच्छा पुरवणे हे प्रेम नव्हे, तो त्रास आहे, आणि कायदाही तेच म्हणतो.

कायदा काय सांगतो?

१३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. राजस्थानात बालविवाह रोखण्याचे काम करणाऱ्या एका कार्यकर्तीवर झालेला अत्याचार त्यामागे होता. पुढे २०१३ मध्ये संसदेने याविषयी स्वतंत्र कायदा केला. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला हवी, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया हव्यात आणि एक सदस्य बाहेरचा हवा. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करावी लागते. चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत जादा रजा मागता येते. लहान दुकानात वा कचेरीत काम करणाऱ्या स्त्रियांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते.

हा कायदा स्त्रियांच्या तक्रारींसाठी आहे. पुरुषाला असा त्रास झाला तर त्याने सेवानियमांनुसार वरिष्ठांकडे दाद मागावी. याशिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार, स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दाखवूनही तिचा पाठलाग करणे, तिच्याशी पुन्हा पुन्हा संपर्क साधणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

ज्याच्यावर प्रेम केले जाते त्याचे काय?

आपले सारे लक्ष प्रेम करणाऱ्याच्या दुःखाकडे असते. रॉय बॉमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दोन्ही बाजूंच्या लोकांकडून त्यांच्या कहाण्या लिहून घेतल्या. नकार देणारेही अपराधीपणाने आणि संतापाने पोळलेले असतात, असे त्यांना आढळले. प्रेम करणाऱ्याने कसे वागायचे हे कथा-सिनेमांनी शिकवलेले असते. नकार देणाऱ्याने कसे वागायचे हे मात्र कुणीच शिकवलेले नसते. म्हणून तो गुळमुळीत बोलतो, टाळतो आणि समोरच्याचा 'कदाचित' जिवंत ठेवतो.

अशा वेळी दयेपेक्षा स्पष्टपणा बरा. "तुमच्या कामाबद्दल मला आदर आहे, पण तुम्ही म्हणता तसे माझ्या मनात काही नाही आणि येणारही नाही," हे एकदाच, शांतपणे, चारचौघांत शोभा न करता सांगावे. त्यानंतर वागण्यात फरक ठेवावा. जादा मदत घेऊ नये, रात्री-अपरात्री येणाऱ्या निरोपांना उत्तर देऊ नये. त्रास थांबला नाही तर निरोप जपून ठेवावेत आणि लेखी तक्रार करावी.

मन ज्याचे गुंतले आहे त्याच्यासाठी

पहिली गोष्ट म्हणजे स्वतःशी खरे बोला. त्या व्यक्तीच्या जागी दुसरे कुणी असते तर मी हीच सही केली असती का, हाच शेरा मारला असता का, एवढा एकच प्रश्न रोज विचारा. उत्तर 'नाही' आले तर ते काम दुसऱ्याकडे तपासायला द्या.

दुसरे, अंतर निर्माण करा. पाळी बदलून घ्या, टेबल बदलून घ्या, शक्य असेल तर विभाग बदलून मागा. कारण सांगायची गरज नाही. जेवणाच्या सुटीत चार वेगळ्या माणसांत बसा.

तिसरे, तुमच्या हाताखालच्या व्यक्तीवर मन जडले असेल तर जबाबदारी दुप्पट आहे. तिची बढती, रजा, गोपनीय अहवाल तुमच्या हाती असतो, त्यामुळे ती मोकळेपणाने 'नाही' म्हणू शकत नाही. तिचे गप्प बसणे म्हणजे होकार नव्हे. अशा वेळी तिच्या कामाच्या मूल्यमापनातून बाजूला होणे हाच प्रामाणिक मार्ग.

चौथे, घरी नवरा किंवा बायको असेल तर थोडे मागे वळून पाहा. ऑफिसातली व्यक्ती आपल्याला नेहमी नीटनेटकी, हसरी आणि कामापुरती भेटते. तिचे आजारपण, तिची उसनवारी, तिच्या घरची भांडणे आपल्या वाट्याला येत नाहीत. घरच्या माणसाची तुलना अशा अर्ध्या चित्राशी करणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणे नकोसे वाटत असेल तर एकटे राहू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. मनाच्या दुखण्यासाठी फोन करण्यात कमीपणा कसला?

घरच्यांनीही थट्टा आणि संशय दोन्ही टाळावे. 'ऑफिसात काय चालले आहे ते आम्हाला माहीत आहे,' या टोमण्याने माणूस घरापासून आणखी दूर जातो. "तू अलीकडे दमलेला दिसतोस, काय झालेय?" असे विचारून पाहा.

मन कुणावर जडावे हे आपल्या हाती नसते. कोणत्या कागदावर सही करावी, हे मात्र असते. ज्याने आपले प्रेम मनात ठेवले आणि सही प्रामाणिक ठेवली, त्याला त्या प्रेमाची कधीच लाज वाटणार नाही. आणि ती सही ज्याच्या भरवशावर कुणी गाडीत बसतो, औषध घेतो, सीमेवर उभा राहतो, त्याच्यासाठी तर तेवढेच पुरेसे आहे.