एप्रनच्या खिशातली तीस वर्षे

नांदेडहून मी हैदराबादला नोकरीला आले ते १९९३ साली. आमच्या वॉर्डात तेव्हा एकच फोन. काळा, जड, नर्सिंग स्टेशनच्या कोपऱ्यात बसलेला. त्यावरून फक्त आतले नंबर लागत. बाहेरचा नंबर हवा असेल तर एक्स्चेंजच्या ऑपरेटरच्या विनवण्या कराव्या लागत, आणि डॉक्टरांना लगेच लाइन देणारा हा गृहस्थ सिस्टरचा आवाज ऐकला की नेमका बिझी असे. घरी बोलायचे तर ड्युटी संपवून कोठी भागातल्या एसटीडी बूथवर जायचे. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून बूथवर खरी रांग अकरालाच लागे. नाइटवाल्या सिस्टरला त्या पाव दराचा काय उपयोग? अकरा वाजता ती दहाची इंजेक्शने आटोपून चार्ट भरत असायची. मी सकाळी सुटल्यावर पूर्ण दराने आईशी बोलायची, डोळा सगळा मीटरच्या लाल आकड्यांवर.

तेव्हा आम्ही पांढरी साडी नेसायचो आणि साडीला खिसा नव्हता. हे मुद्दाम सांगते. छातीवर पिन केलेले घड्याळ नाडी मोजायला, एक पेन आणि कात्री, एवढाच आमचा संसार.

३१ जुलै १९९५ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला आणि पाठोपाठ हैदराबादेतही हे खेळणे आले. मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर, आणि आलेल्या कॉलचेही पैसे. त्यामुळे बराच काळ तो बड्या सर्जनांच्या हातातच दिसला. मोबाइलच्या लहरींनी व्हेंटिलेटर बिघडतो या धास्तीने आयसीयूच्या दारावर ‘मोबाइल बंद ठेवा’ अशी पाटी लागली. सर्जनसाहेब ती पाटी कोपराने ढकलून बोलत बोलत आत यायचे.

आमच्या हातात फोन आला २००३ साली. इनकमिंग फुकट झाले, रिलायन्सने पाचशे एक रुपयांत हँडसेट द्यायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी टॉर्चवाला नोकिया ११०० बाजारात आला. तो टॉर्च नर्सेससाठी बनवला नव्हता, पण आमच्याइतका कोणी वापरला नसेल. मोठा दिवा लावून सगळा वॉर्ड जागा न करता सलाइनची पातळी बघायची, लघवीची पिशवी बघायची, लाइट गेली तर व्हेन शोधायची. साधारण त्याच सुमारास आमची साडी जाऊन पँट-ट्युनिक आली आणि अंगावर खिसा आला.

मिस्ड कॉलची एक भाषाच तयार झाली. माझी मुलगी शाळेतून आली की एक रिंग देऊन ठेवायची. एक रिंग म्हणजे पोहोचले, दोन म्हणजे किल्ली सापडत नाही. दुपारी चारच्या सुमारास खिसा एकदा थरथरला की माझा जीव भांड्यात पडे. या वापराला नियमांच्या भाषेत ‘ड्युटीवर खाजगी कारणासाठी मोबाइल’ म्हणतात.

त्याच फोनने एकदा माझी झोप उडवली. एका म्हाताऱ्या हृदयरोग्याच्या ड्रिपचे थेंब मी मोजून लावत होते, तेवढ्यात दोन रिंग झाल्या. लगेच पुन्हा दोन. मी बाहेर जाऊन शेजारच्या काकूंना फोन लावला. परत आले तर शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची बायको म्हणाली, “नर्सम्मा, बाटली फार भराभर जातेय.” क्लॅम्प मी अर्धाच फिरवला होता. पाव बाटली गेलेली. त्या माणसाला काही झाले नाही, पण रात्रभर मी त्याची छाती ऐकत होते. इंचार्ज सिस्टरला सांगितले, ती म्हणाली, “लिहू नको.” मी लिहिले नाही. आता वाटते, लिहायला हवे होते.

पुढे कळले की हा प्रकार कोणी मोजूनही ठेवला आहे. सिडनीच्या दोन रुग्णालयांत जोहाना वेस्टब्रुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९८ नर्सेस चार हजारांहून अधिक वेळा औषध देताना पाहिल्या. २०१०च्या त्यांच्या अहवालानुसार मध्ये आलेल्या प्रत्येक व्यत्ययागणिक औषधातल्या चुका सुमारे १२ टक्क्यांनी वाढत होत्या. व्यत्यय फोनचाच असे नव्हे. नातेवाईक, डॉक्टर, वाजणारा मॉनिटर, काहीही. तरी इंजेक्शनची ट्रॉली हातात असताना फोन खिशातही नको, ड्रॉवरमध्ये हवा, असे माझे मत त्या रात्रीपासून आहे. यात मी कोणाची गय केली नाही. सोबतच्या मल्याळी नर्सेसना, आमच्या चेचींना, माझा राग यायचा.

पण मग व्हॉट्सॲप आले, आणि ते वॉर्डात आम्ही आणले नाही. “सिस्टर, ईसीजीचा फोटो टाका.” “जखमेचा टाका.” “रिपोर्ट टाका, मी घरून बघतो.” फोन आमचा, नेटपॅक आमचा. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आले आणि नेट जवळपास फुकट झाले, तेव्हा पैशांची कुरकुर थांबली आणि फोटो दसपट झाले. आमच्याकडे एकदा परिपत्रक निघाले, ‘ड्युटीवर वैयक्तिक मोबाइल वापरताना आढळल्यास कारवाई होईल.’ मेट्रनबाईंनी त्याचा फोटो काढून वॉर्डच्या ग्रुपवर टाकला, आणि ड्युटीवरच्या सगळ्यांनी ताबडतोब ‘नोटेड मॅडम’ लिहावे असा निरोप दिला. आम्ही लिहिले.

२०१९ साल टिकटॉकचे. जूनमध्ये ओडिशातल्या मलकानगिरीच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षातच नर्सेसनी नाचगाण्याचे व्हिडिओ केले; त्यांना रजेवर पाठवले. पुढच्याच महिन्यात आपल्या हैदराबादच्या गांधी हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपीच्या शिकाऊ मुलांचे व्हिडिओ गाजले आणि त्यांच्यावर कारवाई झाली. योग्यच झाली. काचेच्या पेटीतल्या बाळाला ‘तुला चालेल का’ असे कोण विचारणार? पण नाव-वयासकट शेकडो एक्स-रे आमच्या खाजगी फोनमध्ये पडून होते, त्याची बातमी कोणी केली नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात शमशाबादजवळ पशुवैद्यक तरुणीची हत्या झाली आणि शहरातल्या सगळ्या घरांचा सूर बदलला. तेलंगणा पोलिसांचे हॉक आय ॲप प्रत्येकीच्या फोनमध्ये आले. सेकंड शिफ्ट संपायच्या आत नवऱ्यांचे, भावांचे फोन सुरू. ‘बंद ठेव’ म्हणणाऱ्या मेट्रनबाईच आता ‘चार्ज करून निघा गं’ म्हणू लागल्या.

आणि मग कोविड. २५ मार्च २०२०ला देश बंद झाला, त्याच दिवशी केंद्राची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे निघाली. डॉक्टरांनी रुग्णाशी बोलायच्या साधनांत व्हॉट्सॲपचे नाव सरकारी कागदावर आले. गांधी हॉस्पिटल पूर्ण कोविडचे झाले. आमच्या खाजगी वॉर्डात फोन झिपच्या पारदर्शक पिशवीत घालून न्यायचा, वरून सॅनिटायझर. नातेवाईक बाहेर फुटपाथवर. “नर्सम्मा, एकदाच दाखवा.” मी पीपीईतल्या हातांनी पिशवीतला फोन खाटेवर धरायची. वाफेने धूसर झालेल्या गॉगलमधून मला स्क्रीन दिसत नसे, पलीकडचे रडणे मात्र ऐकू येई. जूनमध्ये एर्रागड्डाच्या चेस्ट हॉस्पिटलमधल्या एका तरुणाचा व्हिडिओ देशभर फिरला. आपला ऑक्सिजन काढला, असे त्याने वडिलांना सांगितले होते. रुग्णालयाने ते नाकारले. खरे काय ते मी ठरवणार नाही, पण त्यानंतर आमच्याकडे रुग्णाच्या हातातल्या फोनकडे लोक वेगळ्या नजरेने बघू लागले.

२०२१च्या लाटेत माझा फोन नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर, बिलोलीच्या लोकांचा झाला. “ताई, बेड आहे का?” मे महिन्यात तेलंगणाने सीमेवर बाहेरच्या अँब्युलन्स अडवल्या आणि पुढे उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली, मधल्या त्या दिवसांत मी ड्युटीवर किती फोन घेतले याचा हिशेब नाही. शेवटी इंचार्ज सिस्टरनेच सांगितले, “तू बोल, तुझ्या ट्रॉलीचे मी बघते.” नियम तिला पाठ होता.

भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स. रात्री वीस खाटांना दोघी असतात तिथे फोनबंदीचे व्याख्यान मला हसू आणते. त्यापेक्षा वॉर्डासाठी रुग्णालयाच्या पैशाने एक फोन घ्या, फोटो त्यातच काढा, त्यातच ठेवा आणि वेळेवर पुसा. मग आमचे फोन खुशाल कपाटात बंद करा, मीच किल्ली फिरवीन. ही मागणी मी दोन मेट्रनबाईंपुढे ठेवली. दोघींनी वर कळवते म्हटले.

वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. त्याच वर्षी मी निवृत्त झाले. वॉर्डच्या ग्रुपमधून माझा नंबर मात्र कोणी काढला नव्हता. परवा पहाटे साडेचारला फोन थरथरला. ईसीजीचा फोटो होता, वर रुग्णाचे नाव, वय आणि खाटेचा नंबर. मी तो पुसला आणि ग्रुप सोडला. अजून कोणी विचारलेले नाही.