कॅमेऱ्यासमोरची तालीम

नर्तिकेने हात फिरवला की तिच्याभोवती प्रकाशाची लाट उठते. ती थांबली की लाट विरते. प्रेक्षकाला एवढंच दिसतं. एका कथक नर्तिकेच्या तालमीत संगणकाशेजारी बसले, तेव्हा यामागे किती काम असतं ते कळलं.

पहिला प्रश्न उजेडाचा. कॅमेरा नर्तिकेला शोधत असतो आणि प्रोजेक्टर तिच्यावर हलतं चित्र टाकत असतो. कॅमेऱ्याला तेही हालचालच वाटतं आणि संगणक स्वतःच्याच चित्रामागे धावू लागतो. म्हणून मंचावर डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडतात आणि फक्त तोच आत येऊ देणारा फिल्टर कॅमेऱ्यावर बसवतात. मग प्रोजेक्टरचं चित्र कॅमेऱ्यापुरतं नाहीसं होतं, नर्तिका तेवढी उरते.

मेलबर्नच्या चंकी मूव्ह या संस्थेचा २००६ मधला ‘ग्लो’ हा प्रयोग अशाच इन्फ्रारेड कॅमेऱ्यावर उभा राहिला. नृत्यरचना गिडियन ओबार्झानेक यांची, सॉफ्टवेअर जर्मन अभियंते फ्रीडर वाइस यांचं. एकच नर्तिका, पांढरी जमीन आणि वर प्रोजेक्टर. आधी तयार केलेला व्हिडिओ त्यात वाजवला जात नाही; नर्तिका हलते तशी रेषा त्याच क्षणी उमटते. वरच्या कॅमेऱ्याला उभा माणूस डोक्या-खांद्यांपुरताच दिसतो. ‘ग्लो’मधली नर्तिका बराच वेळ जमिनीलगत लोळते, सरपटते, त्यामुळे तिचं सगळं शरीर चित्रात येतं.

कथक उभ्याने नाचायचं, म्हणून आमचा कॅमेरा समोर होता. मनगट, कोपर, गुडघे असे बिंदू सॉफ्टवेअर ओळखत होतं. सुरुवातीच्या संथ आमदीत ते चोख चाललं. चक्कर सुरू झाले आणि त्याला डावा-उजवा हात कळेना. पोशाखाच्या घेरात गुडघे हरवले. भुवईची हालचाल तर त्याच्या हिशेबातच नव्हती.

त्याहून अवघड गोष्ट उशिराची. सेकंदाला ३० चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांमध्ये ३३ मिलिसेकंद जातात. त्यात संगणकाचा आणि प्रोजेक्टरचा वेळ मिळवला, की १०० मिलिसेकंद सहज होतात. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. म्हणजे समेवर पाय पडतो आणि प्रकाश जवळजवळ अर्धी मात्रा मागे राहतो. नर्तिकेनेच तोड काढली: पायांचा तत्कार तबल्याकडे राहू दे, प्रकाश फक्त हस्तकांच्या लांब रेषांना द्या. त्या निर्णयानंतर प्रयोग जुळून आला.

असा निर्णय नाचणाऱ्यालाच घेता येतो, आणि त्यासाठी वेळ लागतो. पुष्कळदा प्रोजेक्टर आणि संगणक प्रयोगाच्या आदल्या दिवशी येतात, मग प्रकाश नुसती सजावट होऊन बसतो. असं काही करू पाहणाऱ्या नृत्यसंस्थांना म्हणून कळकळीची विनंती आहे: तबलजींना बोलावता तसं संगणकवाल्यालाही पहिल्या तालमीपासून बोलवा.