विंडोज 10 चा निरोप घेण्यापूर्वी

14 ऑक्टोबर 2025 रोजी, म्हणजे सुक्कोथ संपताच, मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 साठीच्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबवल्या. संगणक त्या दिवशी बंद पडला नाही. मात्र चोरांना सापडणाऱ्या नव्या फटी त्यानंतर बुजवल्या जात नाहीत. नाव नोंदवल्यास घरच्या संगणकाला 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मुदत मिळेल.

विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते. पुष्कळ जुन्या यंत्रांत ती नसते. म्हणून काहींना नवा संगणक घ्यावा लागेल. त्यात मराठी व हिब्रू दोन्ही कीबोर्ड आहेत. मराठी फोनेटिक निवडला, की इंग्रजी अक्षरे दाबून उच्चाराप्रमाणे मराठी उमटते.

आम्हांला खरी काळजी जुन्या लिखाणाची वाटते. शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली कीर्तने व घराण्याच्या नोंदी, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारख्या दिसतात. तेव्हा जुना संगणक देऊन टाकण्यापूर्वी फायलींबरोबर फॉन्टही पेनड्राइव्हवर घ्यावा आणि एक छापील प्रत काढून ठेवावी. मदतीला नातवंडांना बोलवावे. "मायक्रोसॉफ्टमधून बोलतो" असा अनोळखी फोन आला, तर तो सरळ ठेवून द्यावा.