आठवा सर्व्हर

१ ऑगस्ट २०१२. न्यूयॉर्कचा शेअर बाजार उघडला आणि नाइट कॅपिटल या दलाली कंपनीची यंत्रणा नको ते सौदे करत सुटली. नवा प्रोग्राम आठ सर्व्हरवर चढवायचा होता. तो सातांवरच चढला. आठव्यावर वर्षानुवर्षे पडून असलेला जुना कोड जागा झाला. पाऊण तासात सुमारे ४४ कोटी डॉलर बुडाले. एकाने केलेले काम दुसऱ्याने तपासायचे, ही पद्धतच तिथे नव्हती. अशा वेळी एकट्या तंत्रज्ञाला दोष देणे मला पटत नाही.

आठ सर्व्हर तरी बोटांवर मोजता येतात. आज क्लाउडवर मोठे ॲप उभारायचे तर नेटवर्क, सबनेट, फायरवॉलचे नियम, डेटाबेस, लोड बॅलन्सर, परवानग्या असे शेकडो भाग जुळवावे लागतात. हे हाताने करायचे म्हणजे काहीतरी राहून जाणारच.

यावरचा उपाय जुना आहे. १९९३ मध्ये ओस्लोत मार्क बर्जेस यांनी ‘सीएफइंजिन’ लिहिले. संगणकाला एकेक आज्ञा देत बसायचे नाही, शेवटी काय हवे तेवढे लिहून ठेवायचे. जिथे फरक दिसेल तिथेच प्रोग्राम हात लावतो. सगळे जागेवर असेल तर तो कितीदाही चालवा, काही बिघडत नाही. २०१४ मध्ये आलेल्या ‘टेराफॉर्म’ने हीच रीत क्लाउडवर रूढ केली. डेटाबेसच्या वर्णनात सबनेटचा उल्लेख दिसला की आधी सबनेट, मग डेटाबेस, हे तो स्वतःच ओळखतो. फाइलमध्ये कुठले आधी लिहिले याला महत्त्व नाही. एकमेकांवर अवलंबून नसलेली कामे तो एकाच वेळी उरकतो, आणि मोडताना उलट्या क्रमाने जातो.

मात्र त्याची खरी ताकद ‘प्लॅन’मध्ये आहे, असे मला वाटते. कशालाही हात लावण्यापूर्वी तो बदलांची यादी दाखवतो: नव्यापुढे अधिक, जाणाऱ्यापुढे वजा, जागच्या जागी बदलणाऱ्यापुढे नागमोडी चिन्ह. ॲमेझॉनवरच्या चालू डेटाबेसचे एन्क्रिप्शन सुरू करायला फाइलमध्ये एकच शब्द बदलावा लागतो. प्लॅनमध्ये मात्र वजा आणि अधिक ही चिन्हे जोडीने उमटतात. म्हणजे जुना डेटाबेस पाडून रिकामा नवा उभा राहणार. असे पाडकाम रोखणारी ओळ फाइलमध्ये आधीच लिहून ठेवता येते. ती नसेल, तर प्लॅन वाचणाऱ्याने तिथेच थांबायला हवे.