‘चतुर’ मुद्रेचे वाग्गेयकार : विष्णु नारायण भातखंडे

अकोल्यास एका स्नेह्यांच्या घरीं जुन्या चिजांचें एक हस्तलिखित बाड माझ्या पाहण्यांत आलें. त्यांतील एका गीतांत रागाचा थाट व वादी-संवादी स्वर सांगून शेवटीं ‘चतुर’ ही मुद्रा घातली होती. हा ‘चतुर’ तीनशें वर्षांपूर्वींचा कोणी कवि असावा, असा स्नेह्यांचा तर्क होता. आणि बाकीच्या चिजा भातखंड्यांच्या पुस्तकांत छापून निघाल्या आहेत म्हणून बाड टाकून देण्याचा विचार होता. हे दोन्ही समज चुकीचे आहेत.

शब्द व स्वर या दोहोंची रचना जो करतो तो वाग्गेयकार, असें शार्ङ्गदेव सांगतो. भातखंडे हे या अर्थानें वाग्गेयकार होत. त्यांचा जन्म मुंबईस वाळकेश्वरीं ता. १० ऑगस्ट १८६० रोजीं झाला. १८८७ सालीं ते एल्एल्. बी. झाले व वकिली करूं लागले. परंतु रावजीबुवा बेलबागकरांकडून ध्रुपदें व इतर गुणिजनांकडून खयाल शिकण्याचा क्रम चालूच होता. पत्नी व कन्या निवर्तल्यावर त्यांनीं आयुष्य संगीतास वाहिलें. १९०४ च्या दक्षिणयात्रेंत एट्टयापुरम् येथें सुब्बराम दीक्षितांस भेटून त्यांनीं व्यंकटमखीच्या ‘चतुर्दंडिप्रकाशिके’ची प्रत मिळविली.

पुढें १९१० सालीं ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ त्यांनीं ‘चतुरपंडित’ या नांवानें लिहिला. मराठी ‘हिंदुस्थानी संगीतपद्धति’ मात्र ‘विष्णुशर्मा’ या नांवानें निघाली, आणि तींत चतुरपंडिताचीं वचनें, तो जणूं कोणी निराळा ग्रंथकार असावा, अशा रीतीनें प्रमाण म्हणून दिलीं आहेत. रागाचें लक्षण त्या रागांतच गाऊन सांगणारीं जीं लक्षणगीतें त्यांनीं रचिलीं, त्यांतील ‘चतुर’ तो हाच. तथापि केवळ त्या शब्दावरून निर्णय करूं नये. जुन्या पदांत तो साधें विशेषण म्हणूनही येतो. मुद्रा, रागलक्षण व दहा थाटांची परिभाषा हीं तिन्ही जुळलीं पाहिजेत.

दुसरा समज अधिक घातक आहे. ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत दीड हजारांहून अधिक चिजा त्यांनीं स्वरलिपीसह रक्षिल्या, हे त्यांचे उपकार थोर होत. परंतु छापील पाठ हा अनेक पाठांपैकीं एक होय. एकच चीज घराण्याघराण्यांत निराळ्या शब्दांनीं व निराळ्या वळणानें गाइली जाते. कालिदासाची छापील आवृत्ति हातीं आहे म्हणून जुनी पोथी कोणी जाळीत नाहीं. मग चिजांच्या बाडासच हा न्याय कां नसावा?

ता. १९ सप्टेंबर १९३६ रोजीं भातखंडे निवर्तले. दारोदार हिंडून त्यांनीं जें मिळविलें, तशाच प्रकारचें धन अमरावती-अकोल्याकडील घरांत अद्याप असूं शकेल. तें आढळल्यास पानांचा क्रम न मोडतां, अक्षरवळण व उस्तादाचें नांव नोंदवून ठेवावें. अकोल्याचें तें बाड तूर्त टाकण्यावांचून राहिलें आहे.